खैरूनबाजी आणि तिचा फ्लॉपीवाला कॅमेरा

खैरूनबाजीचा राग यायला मला आजही फार काही लागत नाही. परवा एका लग्नात शेजारच्या पंगतीतल्या मुलीनं जेवणाच्या ताटाचे सहा फोटो काढले, पाच तिथल्या तिथे पुसले, एक कुणालातरी पाठवला आणि निवांत जेवायला लागली. एवढं बघितलं आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. शेजारी बसलेल्या जावेला मी म्हटलं, "आमच्या बाजीला एक फोटो घ्यायला दहा सेकंद लागायची. आणि तोही राहील की जाईल, भरवसा नाही." जावेनं "कोण बाजी?" असं विचारलं, तेवढ्यात वाढपी भात घेऊन आला आणि सांगायचं राहिलं.

राम आळीच्या मागच्या बाजूला माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली धड चालणारी चार. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर शिकायला येणारी पोरं चपला बाहेर काढून आत यायची. एका दुपारी बुरखा घातलेली, उंच, सरळसोट बांध्याची एक बाई आत आली. दाराकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची तिनं निवडली, पोटाशी धरलेलं टॉवेलचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि नाव-गाव सांगायच्या आधी मला विचारलं, "हे उघडायला पुरुष लागतो काय?"

मी म्हटलं, "काय आहे त्यात?"

"ते मागाहून. लागतो काय, ते सांग."

"नाही लागत."

"मग झालं," म्हणून तिनं गाठोडं सोडलं. आत कॅमेरा होता. विटेएवढा, करड्या रंगाचा, मागे छोटासा पडदा आणि बाजूला एक दार. त्या दारातून फ्लॉपी आत जायची. आजच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगावं लागतं: तळहाताएवढी प्लास्टिकची चौकोनी चकती, वर सरकणारं पत्र्याचं झाकण, आत काळा पातळ गोल पापुद्रा. त्यात पंधरा-वीस फोटो मावायचे, तेही लहान. मस्कतला नोकरी करणाऱ्या भावानं, इक्बालनं, तो कॅमेरा तिच्यासाठी आणला होता. रत्नागिरीतल्या स्टुडिओवाल्यांनीसुद्धा तोवर असलं काही बघितलं नव्हतं.

तो तिला का हवा होता, ते तिनं मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. रत्नागिरीतल्याच राजीवड्याच्या मोहल्ल्यात ती बायकांना शिवण शिकवायची आणि त्यांच्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो घ्यायची. आत माजघरात मेंदी चालू असते, डोक्यावरची ओढणी खाली आलेली असते, बायका हसत-खिदळत असतात. तिथे पुरुष फोटोग्राफर जाऊ शकत नाही. बाजी जायची, साधा रोलचा कॅमेरा घेऊन. पण रोल धुवायला बाजारातच द्यावा लागायचा. एकदा एका नवरीचा मेंदीच्या दिवशीचा फोटो फार सुरेख आला. लॅबवाल्यानं त्याची मोठी प्रत काढली आणि दुकानाच्या काचेत लावली. चार दिवसांनी नवरीच्या दिराला तो भर बाजारात दिसला. पुढचे दोन महिने ती मुलगी माहेरी होती. बाजी दुकानात जाऊन उभी राहिली तेव्हा तो माणूस म्हणाला, "बाई, चांगला आलाय म्हणून लावला. तुमचीच जाहिरात होते." बाजीनं फोटो उतरवून घेतला, निगेटिव्हची पट्टी मागून घेतली आणि त्यानंतर वर्षभर एकही फोटो घेतला नाही.

"रोल नसलेला क्यामेरा मिळेल काय, असं मी इक्बालला सारखी विचारी," ती म्हणाली. "तो हसायचा. म्हणायचा, पाणी नसलेली विहीर पण आणू काय? मग एक दिवस त्याचाच फोन. म्हणे, मिळाला."

खैरूनबाजी फोटो 'काढला' असं कधी म्हणायची नाही. 'घेतला' म्हणायची. आणि घेण्याआधी विचारायची, "घेऊ?" समोरच्या बाईनं मान हलवली तर तिला चालायचं नाही. "तोंडानं बोल. मान वाऱ्यानं पण हलते." बाईनं "घे" म्हटलं की मगच बटण दाबायची. पाच वर्षांच्या पोरीलाही विचारायची आणि पोर "नको" म्हणाली की पुढे जायची. आई मागून कितीही ओरडली तरी, "ती नको म्हणाली ना?" एवढंच उत्तर.

दातदुखी कायमची, म्हणून गालात सतत लवंग. चष्म्याला शिवणाचा दोरा. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघायची. मी कीबोर्डवर काय दाबते, ते तिला पाठ करायचं असायचं. सगळ्यांसारखी मी तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची; मला ती 'टीचर' म्हणायची. मी तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, तरी टीचर.

एका मासिकात मी या कॅमेऱ्यांच्या सुरुवातीची हकीकत वाचली होती. ती तिला सांगितली. रोल बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीतल्याच तरुण इंजिनीअरनं पहिला असा कॅमेरा जोडला होता. गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर फोटो साठायचा, काळा-पांढरा, आणि एक साठायला तेवीस सेकंद लागायची. साहेबलोकांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. रोल विकणाऱ्यांना बिनरोलचा कॅमेरा कशाला हवा?

बाजीनं लवंग या गालातून त्या गालात नेली. "कंपनी राहू दे. त्याच्या घरच्या बायका काय म्हणाल्या?"

"ते नव्हतं लिहिलेलं."

"बघ. जे हवं ते लिहीत नायत."

पण तेवीस सेकंद तिनं लक्षात ठेवली. तिच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आत खर्र-खर्र आवाज सुरू व्हायचा, आठ-दहा सेकंद. तोपर्यंत दुसरा फोटो घेता यायचा नाही. "थांब, खातंय अजून. खाऊन होऊ दे त्याला," ती म्हणायची. आणि बायकांची चुळबुळ सुरू झाली की, "पहिल्या क्यामेऱ्याला तेवीस सेकंद लागत होती. तुला दहा निघत नायत?" बायकांना काही कळायचं नाही, पण त्या गप्प बसायच्या.

त्या दहा सेकंदांनी किती फोटो घालवले असतील! नवरी हसली, आणि कॅमेऱ्याचा डबा खातोय. आजीनं नातीच्या गालाचा मुका घेतला, आणि डबा खातोय. खाऊन व्हायचं तेव्हा सगळ्या जणी पुन्हा सावध होऊन, पदर सारखे करून, गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या. तिच्या फोटोंत कुणी हसतानाचा फोटो शोधावा लागायचा. माझी चिडचिड व्हायची. तिची नाही.

तरी सुरुवातीचे काही महिने चांगले गेले. लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा असताना ती चार-पाच बायकांना घेऊन यायची. मी आतून कडी लावायची. फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उलगडायचा. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. बायका श्वास रोखून बघायच्या आणि चेहरा पुरा झाला की एकच गिल्ला. "अगो ही तर फातिमा!" जिनं जन्मात स्वतःला आरशाबाहेर बघितलं नव्हतं, अशीही एखादी असायची. ती नुसती खुर्ची पुढे ओढायची. सगळं बघून झालं की बाजी माझ्या मागे उभी राहायची. "काढ फ्लॉपी. मशिनमधलं पूस. ती पडद्यावरची कचऱ्याची टोपली आहे ना, ती पण पूस." मी पुसायची. ती टोपली रिकामी झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायची नाही.

मग कटकटी सुरू झाल्या.

लोकांना अल्बम हवा होता. माझ्या प्रिंटरवर छापलेले फोटो निळसर यायचे. लहान होते तोवर ठीक, जरा मोठे केले की नाकाच्या जागी चौकोन दिसायचे. आपल्याकडच्या दमट हवेत ते अल्बमच्या प्लास्टिकला चिकटायचे. एका घरी पाहुणीचा ओला हात लागला आणि नवरीचा चेहरा गळ्यापर्यंत ओघळला. घरातले पुरुष म्हणायचे, हे काय, टीव्हीवरचं चित्र कापून दिलंय काय? मग बाजीनं फ्लॉपीच द्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटर कुणाच्याच घरी नव्हता. पण निदान आपले फोटो आपल्या कपाटात आहेत, एवढं बायकांना समाधान.

त्या कपाटांत फ्लॉप्यांचं काय काय झालं! बुरशी धरली. पत्रा गंजला. एका सासूबाईंना ते पत्र्याचं झाकण नीट सरकेना, म्हणून त्यांनी त्यात खोबरेल सोडलं. सून ती फ्लॉपी घेऊन माझ्याकडे आली तेव्हा माझ्या ड्राइव्हला दोन दिवस खोबरेलाचा वास येत होता. ड्राइव्ह मेला तो मेलाच. बाजीच्या स्वतःच्या फ्लॉप्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात असायच्या आणि तळाशी मूठभर तांदूळ.

"बाजी, तांदळाची पूड आत जाते! वाचता येत नाही मग!"

"मिठात तांदूळ घालतात की नाय? ओल धरते म्हणून?"

"हे मीठ नाही!"

"ओल तीच आहे ना?"

डब्यात तांदूळ राहिले. दर थोड्या दिवसांनी एखादी फ्लॉपी दगावायची आणि ती बाई, तिची नणंद, तिची आई माझ्या क्लासात येऊन बसायच्या, जणू मी ती खाल्ली होती.

शेवटी मी एक गोष्ट केली. बाजीला न सांगता. फ्लॉपी पडद्यावर उघडताना मी फोटोंची एक प्रत मशिनच्या पोटात उतरवून ठेवायला लागले. 'टायपिंग सराव २' असं त्या फोल्डरला नाव दिलं. टोपली तिच्यासमोर रिकामी करायची आणि प्रत आत तशीच. मला वाटायचं, एक दिवस एखादीची फ्लॉपी जाईल, ती रडत येईल, आणि मी म्हणेन, थांब. आणि तिचा चेहरा तिला परत देईन. माझ्या डोक्यात हे चित्र फार छान रंगलं होतं.

याच काळात नाटे गावातल्या एका लग्नाचं काम बाजीला मिळालं. राजापूर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, नवरीचे वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. नवरीचं नाव शाहीन. ती लग्न होऊन मस्कतला जाणार होती. तिच्या आईनं, आमिनाबीनं, आयुष्यात एकही फोटो काढू दिला नव्हता. बाजीनं तिला तीन दिवसांत चार वेळा विचारलं. तीन वेळा नकार. चौथ्यांदा, शाहीनची पाठवणी झाल्यावर, रिकाम्या पडवीत आमिनाबी एकटीच बसली होती. बाजीनं विचारलं, "घेऊ?" आणि ती म्हणाली, "घे. तिला धाड."

बाजीनं मला तो फोटो दाखवला तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. हिरवी ओढणी, रुंद कपाळ, नुकते पुसलेले डोळे आणि तोंडावर कसलं तरी अर्धवट हसू, म्हणजे हसावं की नाही ते ठरत नसल्यासारखं. बाजीच्या सगळ्या फोटोंतला सर्वांत चांगला. बहुतेक घाई नव्हती म्हणून. "इक्बाल येईल तेव्हा त्याच्याबरोबर फ्लॉपी धाडते शाहीनला," ती म्हणाली. तिनं ती डब्यात, तांदळावर, ठेवली. मी माझी प्रत आत ठेवली.

मग एका सकाळी मी दारात पोस्टमनशी बोलत होते आणि बाजी आत सराव करत होती. फाइली कशा शोधायच्या, ते तिला नुकतंच जमायला लागलं होतं. मी वळून बघितलं तर ती पडद्यासमोर ताठ बसली होती. समोर 'टायपिंग सराव २' उघडं होतं आणि एक फोटोही.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"हे कोणाला विचारून ठेवलंस?"

"बाजी, फ्लॉप्या खराब होतात म्हणून. तुझ्याच कामासाठी."

"मला विचारलंस?"

मी माउसकडे हात नेला.

"ह्यांना विचारलंस?" तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

आता माझाही तोल गेला. इतक्या महिन्यांचा वैताग होता. मी म्हटलं, "आणि उद्या फ्लॉपी गेली तर काय सांगशील त्यांना? तांदूळ खाऊन मेली?"

"खराब झाली तर मी जाऊन सांगीन, खराब झाली. बाहेर गेली तर काय सांगू?"

"कुठे जातेय बाहेर? माझ्या मशिनमध्ये आहे!"

"तुझ्या मशिनवर दिवसाला किती पोरं बसतात?"

मी म्हटलं, त्यांना काही कळत नाही, ती टायपिंग शिकतात. ती म्हणाली, "मी पण टायपिंगच शिकत होते." मी सगळं पुसलं. आमिनाबीचाही फोटो पुसला. टोपलीही रिकामी केली. बाजीनं टॉवेल गुंडाळला आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी रागारागानं ते मशिन बंद करायला बसले, आणि सहज, अलीकडे कुठल्या फाइली उघडल्या गेल्या त्याची यादी बघितली. त्यात चार फोटोंची नावं होती. त्यातला एक बाजीनं आत्ताच उघडला होता. बाकीचे तीन तिनं उघडले नव्हते, मीही नाही. कुणीतरी उघडले होते. कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी ती यादीही पुसली आणि हे बाजीला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही, कारण मला तिचा राग आला होता. नंतर सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं नव्हतं.

पावसाळा गेला. इक्बाल त्या वर्षी उशिरा आला. त्याच सुमारास नाट्याहून निरोप आला की आमिनाबी गेली. ताप आला आणि आठवड्याभरात गेली. शाहीनला मस्कतहून वेळेवर पोचता आलं नाही. फोनवर तिनं बाजीकडे एकच गोष्ट मागितली: मांचा फोटो.

बाजी माझ्याकडे आली. बोलणं बंद होतं, तरी आली. डबा टेबलावर ठेवला. फ्लॉपी आत घातली. खर्र, खर्र, आणि मग मशिनचं ते कोरडं वाक्य, की ही चकती वाचता येत नाही, साफ करून नवी करू काय? मी घाईनं 'नको' दाबलं. ड्राइव्ह चालणाऱ्या सगळ्या मशिनवर तेच. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे तेच. मला माहीत होतं की ज्या यंत्रानं फ्लॉपीवर लिहिलं, त्याला ती कधीकधी वाचता येते. म्हणजे कॅमेऱ्यातच घालून बघायची. "कॅमेरा आण, बाजी," मी म्हटलं.

"तो नाय."

"नाही म्हणजे?"

"त्याचं दार लागत नव्हतं. खाऱ्या हवेनं धरलं. पावसाळ्याआधी इक्बालच्या एका दोस्ताबरोबर मस्कतला धाडला, नुसता क्यामेरा; फ्लॉपी परक्याच्या हाती कशी देणार? दुकानवाला म्हणाला, दुरुस्तीला परवडत नाय. इक्बाल तिथेच ठेवून आला."

मी डोक्याला हात लावला. मनातल्या मनात मी तिला, इक्बालला, त्या दुकानवाल्याला, समुद्राला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात माझी जुनी विद्यार्थिनी कामाला होती. तिच्याकडे एक जुनं मशिन होतं. स्कूटरवर मागे बाजीला घेऊन गेले. बाजीनं आधी त्या बिचारीला तिच्याच ऑफिसातून बाहेर उभं केलं. मग मी फ्लॉपी घातली. बराच वेळ खर्र-खर्र झाली आणि फाइलींची नावं दिसली! मी ओरडलेच. आमिनाबीचा फोटो उघडला. वरून खाली यायला लागला. पडवीचं छप्पर. भिंत. हिरवी ओढणी. कपाळ. भुवयांची वरची कड.

आणि तिथे थांबला. खाली नुसता करडा पट्टा.

"थांब," बाजी हळूच म्हणाली. "खातंय अजून."

आम्ही थांबलो. ती पुटपुटत आकडे मोजत होती. तेवीस होऊन गेले, पन्नास होऊन गेले. पंखा फिरत होता. मी पुन्हा उघडला, पुन्हा तिथेच. पाच वेळा, सात वेळा. आठव्या वेळी फाइलींची नावंही दिसेनाशी झाली. तोवर तेवढा भाग मी दुसऱ्या चकतीवर उतरवून घेतला होता, एवढंच नशीब. एरवी मी विचारलं नसतं. त्या दिवशी विचारलं, "बाजी, ठेवू?" तिनं मान हलवली. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती म्हणाली, "ठेव."

शाहीन पुढल्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा बाजी मला घेऊन नाट्याला गेली. मी येत नव्हते. ती म्हणाली, "मशिनचं काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाय. तू सांग." पण सांगितलं सगळं तिनंच. पडवीत बसून, बुरख्याची टोकं मुठीत धरून, एकही गोष्ट न लपवता. फ्लॉपी खराब झाली. माझ्याच डब्यात झाली. टीचरच्या मशिनमध्ये एक प्रत होती. ती मी पुसायला लावली. आता एवढंच राहिलंय. आणि तिनं पाकीट पुढे केलं.

शाहीननं तो छापलेला तुकडा बाहेर काढला. कपाळ आणि ओढणी. उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला बाकीचं असेल.

"एवढंच?"

"एवढंच."

"पुसायला लावलात?" शाहीनचा आवाज चढला. "खाला, कोण बघणार होतं माझ्या मांला त्या क्लासात? म्हातारी बाई ती! कोणाला काय पडलंय तिचं?"

"तुझ्या मांनं मला 'घे' म्हटलं होतं. टीचरला म्हटलं नव्हतं."

"ती मेली आता! आता कोणाला विचारू मी?"

शाहीन माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी ठेवायचा होतात. तुम्ही शिकलेल्या ना?"

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. की बाई, तिचं बरोबर होतं. माझ्या क्लासात कुणीतरी ते फोल्डर उघडलं होतं, तीन जणींना बघितलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. त्या वाक्यानं फोटो परत आला नसता. पण बाजी त्या पडवीत एकटी बसली नसती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी म्हटलं, "मी सांगितलं होतं तिला."

शाहीन उठून आत गेली. पाकीट तिथेच राहिलं. मी उचलायला वाकले तर बाजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिचं आहे ते."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी-शेजारी बसलो आणि रत्नागिरीपर्यंत बोललो नाही. मला तिचा इतका राग आला होता की खिडकीबाहेर काय दिसत होतं तेही आठवत नाही. हट्टी बाई. एक प्रत, एक साधी प्रत ठेवली असती तर? आणि त्या रागाच्या खाली दुसरा राग होता, तो माझ्यावरचा. तो वर येऊ नये म्हणून मी तिच्यावरचा राग जपून धरला होता. बाजीनं उतरताना फक्त विचारलं, "टीचर, चक्कर आली काय? गप्प आहेस." मी म्हटलं, नाही. स्टँडवरून ती राजीवड्याच्या दिशेनं गेली, मी घरी.

तिनं पुन्हा फोटो घेतले नाहीत. इक्बालनं दुसरा कॅमेरा आणला, चांगला, लहान, फ्लॉपी नसलेला, झटक्यात फोटो घेणारा. तो तिनं भाचीला देऊन टाकला. शिवणाचे वर्ग चालू ठेवले. माझाही क्लास पुढे बंद पडला. पोरं घरीच शिकायला लागली. आता त्याच जागेत मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. रस्त्यात बाजी भेटली की थांबायची, तब्येत विचारायची, माझ्या हातांकडे बघायची. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. दर वेळी तिला घाई असायची, किंवा मला.

शेवटची बघितली ती अशी. बाजारात मोबाइल दुरुस्तीचं एक अरुंद दुकान आहे. दुपारची वेळ, दुकानं जेवायला बंद होत होती. मी समोरच्या फुटपाथवर रिक्षाची वाट बघत होते. दुकानातून तिचा आवाज आला. वय झालं तरी आवाज तसाच. काउंटरवर कुठल्यातरी मुलीचा फोन होता, काच फुटलेला, आणि ती मुलगी बाजीच्या मागे उभी होती, शिवणाच्या वर्गातली असावी. दुकानदार म्हणत होता, "फोन ठेवून जा, लॉक कसं उघडतं ते लिहून द्या, संध्याकाळी या."

"ठेवायचा नाय," बाजी म्हणाली. "आमच्या समोर कर."

"अहो खाला, जेवायला जातोय मी. दोन तास लागतील."

"जा. जेवून ये. आम्ही बसतो."

"दुकान बंद करायचंय!"

"कर."

तो बराच वेळ हुज्जत घालत राहिला. मुलगी तिला ओढत होती, "चला ना बाजी, लोक बघतात." बाजीनं स्टूल ओढलं, फोन मांडीवर घेतला आणि दाराकडे तोंड करून बसली. मी रस्ता ओलांडायला पाऊल उचललं. आज सांगायचंच, सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवूनच उचललं. तेवढ्यात रिक्षा येऊन समोर उभी राहिली, रिक्षावाल्यानं "कुठं जायचं?" विचारलं, आणि मी पत्ता सांगितला.

वळून बघितलं तेव्हा दुकानदारानं शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि तो चालायला लागला होता. शटरच्या खाली बाजीचे पाय दिसत होते. जुन्या चपला, टाचा जोडलेल्या, जमिनीवर घट्ट टेकलेल्या. त्या वर्षीचा रमजान सुरू होण्याआधीच बाजी वारली, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. ते पाय मात्र, रिक्षा वळेपर्यंत मी बघत होते, जागचे हलले नाहीत.